बिघडवलं ते ‘तर’ने

स्केचपेन दिसले की दुसरं काही सुचायचं नाही, अशी तीन ते पाच वर्षांची मुलं मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतून हेरली. काहींना आधीच सांगितलं, ‘चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्रक मिळेल.’ सोनेरी शिक्का, रिबीन, सगळा थाट. काहींना चित्र झाल्यावर तेच पत्रक अवचित दिलं. उरलेल्यांना काहीच नाही.

एक-दोन आठवड्यांनी स्केचपेन पुन्हा वर्गात मांडले. आता बक्षीस नव्हतं आणि ‘काढ’ म्हणणारंही कुणी नव्हतं. आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं बाकीच्यांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रांत रमली. अवचित बक्षीस मिळालेल्यांचा उत्साह मात्र तसाच होता! १९७३च्या या अभ्यासातली खरी मेख मला इथेच दिसते. पत्रक तेच, शिक्का तोच. बिघडवलं ते ‘काढलंस तर’मधल्या ‘तर’ने. कालपर्यंतचा खेळ आज मोबदल्याचं काम झाला, आणि मोबदला नसेल तर काम कशाला करायचं?

मोठ्यांचंही फार वेगळं नाही. १९७१मध्ये मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली होती. एका कोड्यामागे एक डॉलर घेतलेल्यांचा रस पैसे थांबल्यावर आधीपेक्षाही उतरला. पुढे डेसी आणि रिचर्ड रायन यांनी मांडलं, की माणसाला तीन गोष्टी हव्या असतात: आपल्या मर्जीने वागता यावं, काम जमतंय असं वाटावं आणि आपली म्हणावी अशी माणसं असावीत.

हे वाचून पगारवाढीची फाईल बाजूला सारणाऱ्या साहेबांनी जरा थांबावं. मुळातच कंटाळवाण्या कामात बक्षिसाने रस मरत नाही, कारण मरायला तो असावा तरी लागतो. आणि घरखर्चाची चिंता असलेल्याला कामाच्या गोडीवर व्याख्यान देणं हा शुद्ध आगाऊपणा.

पण रटाळ कामातही जीव येऊ शकतो. एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या कर्मचाऱ्यांवर मानसशास्त्रज्ञ ॲडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००७मध्ये प्रसिद्ध झाला. त्या पैशांतून शिष्यवृत्ती मिळालेला एक विद्यार्थी काही कर्मचाऱ्यांना काही मिनिटंच भेटला. महिन्याभराने बघितलं, तर त्यांचा फोनवरचा वेळ आणि जमवलेली रक्कम, दोन्ही दुपटीहून जास्त झाली होती. ज्यांनी त्याचं नुसतं पत्र वाचलं होतं, त्यांचे आकडे होते तिथेच राहिले.