जिमी रॉजर्स: एक रेल्वेतला, एक ‘हनीकोम्ब’वाला

किशोरकुमारच्या योडलिंगचा, म्हणजे गळा उलटवून झटक्यात सूर वर-खाली नेत गाण्याचा विषय निघाला की अमेरिकेच्या जिमी रॉजर्सचं नाव हमखास येतं. ते ऐकून कुणी शोधायला बसावं, तर बरेचदा आधी सापडतं ते ‘हनीकोम्ब’ हे गोड, ठेक्याचं गाणं. त्यात योडलचा पत्ता नाही, कारण तो माणूसच दुसरा.

योडलवाला जिमी १८९७चा. वाढला मिसिसिपीतल्या मेरिडियन भागात. आई लहानपणीच गेली, वडील रेल्वेत मुकादम. पोरगं फिरत्या खेळाचं वेड घेऊन घरातून पळालं, वडिलांनी धरून आणलं आणि रेल्वेतच कामाला लावलं. रुळांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांना पाणी पाजायचं काम. ब्लूजची, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या दुःखभऱ्या गाण्यांची चाल त्याच्या कानात मुरली ती इथं. पुढं तो ब्रेकमन, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणारा कामगार झाला. म्हणूनच ‘गाणारा ब्रेकमन’ हे नाव पडलं. १९२४मध्ये क्षयाचं निदान झालं. मला वाटतं, हा आजार झाला नसता तर तो कदाचित रेल्वेतच राहिला असता. अंगमेहनत झेपेनाशी झाली, तेव्हा पोट गाण्यावर आलं.

ऑगस्ट १९२७मध्ये व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीचे राल्फ पीअर टेनेसीच्या ब्रिस्टल गावी नवे गायक ध्वनिमुद्रित करायला आले होते. रेकॉर्डवर नाव कुणाचं, यावरून जिमीचं साथीदारांशी बिनसलं. ४ ऑगस्टला तो एकटाच गिटार घेऊन उभा राहिला. दोन गाणी झाली, खप बेताचा. पण नोव्हेंबरमध्ये न्यू जर्सीत कॅमडेनला त्यानं पहिलं ‘ब्लू योडल’ गायलं: ओळ ब्लूजची आणि तिच्या टोकाला गळा उलटवून घेतलेलं योडल. त्या रेकॉर्डनं तो देशभर पोचला.

‘हनीकोम्ब’वाला जिमी वॉशिंग्टन राज्यातल्या कॅमस या कागद गिरणीच्या गावचा. हवाई दलात नोकरी केली, १९५७मध्ये हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. आवाज मऊ, बाज पॉप आणि लोकगीतांचा. पण गाणं कंट्रीच्या, म्हणजे पहिल्या जिमीच्या ग्रामीण अमेरिकी संगीतप्रकाराच्या यादीतही चढलं आणि घोळ वाढला. दोघांचं नातं काहीच नाही.

ऐकताना खूण सोपी: गळा उलटला की पहिला.

मे १९३३मध्ये न्यूयॉर्कला शेवटच्या ध्वनिमुद्रणात पहिला जिमी दोन गाण्यांच्या मधे खाटेवर पडून दम घेत होता. २६ मे रोजी तो गेला, वयाच्या ३५व्या वर्षी. दुसऱ्याचा जन्म त्याच वर्षी १८ सप्टेंबरचा.