संधिवाताभ संधिशोथ : रुग्णस्थिती व आयुर्मान (बेळगाव सीमाभाग)

सांध्यांच्या आतील अस्तराला सूज आणणारा दीर्घकालीन स्वप्रतिकारजन्य (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटल्याने होणारा) विकार. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे ‘सांधे धरले’ एवढ्यावरच तो ओळखला जातो. कानडी ‘कीलुनोवु’ म्हणजेही नुसती सांधेदुखी. त्यामुळे उतारवयातील गुडघ्यांची झीज आणि हा विकार एकाच नावाखाली येतात.

वैद्यकीय परंपरेतील ‘आमवात’ हाच हा रोग, असे पुष्कळ वैद्य मानतात. माधवनिदान या रोगनिदानावरील आयुर्वेदीय ग्रंथात (सु. सातवे-आठवे शतक) त्याचे स्वतंत्र प्रकरण असून सूज, जडपणा, ज्वर ही लक्षणे जुळतात. मात्र तीच संधिज्वरालाही (रूमॅटिक फीव्हर) लागू पडतात, तेव्हा समीकरण सावधपणेच मांडावे. पॅरिसचे डॉक्टर लांद्रे-बोव्हे यांनी १८०० मध्ये नऊ स्त्रियांवरून याचे वर्णन केले, पण त्यांनी त्याला वातरक्ताचाच (गाऊट) प्रकार मानले. ‘रूमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हे सध्याचे इंग्रजी नाव इंग्लिश डॉक्टर गॅरड यांचे (१८५९).

रुग्णस्थिती, म्हणजे रोजची कामे रुग्णाला कितपत जमतात हे, मोजण्यासाठी फ्राइज व सहकाऱ्यांची स्टॅनफर्ड येथील प्रश्नावली (१९८०) सर्वाधिक रूढ आहे : वीस प्रश्न, आठ गट, गुणांक ० ते ३, ३ म्हणजे ते काम अजिबात न जमणे. टबात उतरणे, मोटारीचे दार उघडणे हे तिचे प्रश्न खानापूरच्या खेड्यात फारसे उपयोगाचे नाहीत. भारतीय रूपांतरात मांडी घालणे व उकिडवे बसणे आले, हे योग्यच झाले. परातीतले पीठ मळताना बोटांची मुळे व मधली पेरे दुखतात, टोकाचे पेर बहुधा सुटते. सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकतो, म्हणून भाकऱ्या उशिरा होतात. निपाणीच्या विडी कामगार बाईची मजुरी हजारावर ठरते. दिवसाकाठी किती विड्या वळून झाल्या, हा आकडा कोणत्याही गुणांकाइतकाच बोलका असतो. (विडी ओढणे हा या रोगाचा ज्ञात धोका आहे; वळण्याबाबत तसे म्हणता येत नाही.)

अमेरिकी डॉक्टर पिंकस यांनी १९८४ मध्ये या रोगाच्या ७५ रुग्णांचा नऊ वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. कामाची क्षमता घटलेल्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. आयुर्मानाच्या अंदाजासाठी क्ष-किरण चित्रापेक्षा ही क्षमता अधिक भरवशाची, हे त्यांचे मत आता बहुतांशी मान्य आहे. मृत्यू सांध्यांमुळे क्वचितच येतो. हृदयविकार, जंतुसंसर्ग व फुप्फुसविकार ही मुख्य कारणे. हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू सर्वसाधारण लोकांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त असतात. मेथोट्रेक्सेट हे या रोगावरचे औषध घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्के कमी आढळला (२००२). ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतल्यास जिवावर बेतते.