बास–ब्लूगिल तळ्यातील समतोल

अमेरिकेच्या आग्नेय राज्यांत गळाच्या हौसेसाठी राखलेल्या लहान तळ्यांत लार्जमाउथ बास हा शिकारी आणि ब्लूगिल हे त्याचे भक्ष्य, अशी जोडी रूढ आहे. तिचा पाया अलाबामातील ऑबर्न येथे मत्स्यशास्त्रज्ञ होमर स्विंगल यांनी घातला. भक्ष्य माशांचे एकूण वजन शिकारी माशांच्या 3 ते 6 पट असावे, हे त्यांचे 1950 मधील माप आजही उपयोगी पडते. आपल्याकडच्या कटला-रोहूच्या तळ्यातून मरळ काढून टाकतात. इथे मात्र शिकारी मासाच तळे सांभाळतो.

खत न घातलेल्या तळ्यात हिवाळ्यापूर्वी एकरी सुमारे 500 ब्लूगिल बोटुकल्या (बोटभर लांबीची पिल्ले) आणि पुढच्या जूनमध्ये 50 बास सोडतात. खत घातल्यास दोन्ही दुप्पट. हा क्रम मोडू नये. ब्लूगिल आधी रुळून विणीला लागले, तरच लहान बासना खाद्य मिळते.

उन्हाळ्यात काठालगत बारीक आसाचे ओढजाळे फिरवले की तळ्याची प्रकृती कळते. दोन्ही जातींची त्या वर्षीची पिल्ले सापडली, तर ठीक. 8 ते 13 सेंमीचे ब्लूगिल भरमसाट आणि बासचे पिल्लू एकही नाही, तर ब्लूगिल माजले आहेत: ते बासची अंडी-पिल्ले खातात आणि स्वतःही खुरटतात. अशा वेळी बास काढणे थांबवावे, 20-25 सेंमीचे बास आणून सोडावेत आणि दाट पाणवनस्पती विरळ कराव्यात, कारण त्यांच्या आडोशाला बास पोहोचत नाही.

उलट दोष म्हणजे बासचीच गर्दी. धरलेला प्रत्येक मासा परत सोडणाऱ्या तळ्यांत ती हमखास होते. ब्लूगिल मोजके पण मोठे, बास 30 सेंमीच्या आत अडकलेले, डोके मोठे नि अंग रोड. यावर दया घातक ठरते. हे लहान बास दरवर्षी काढलेच पाहिजेत, सुपीक तळ्यात एकरी सुमारे 10 किलो. 30 ते 38 सेंमीचे मात्र परत सोडावेत.

मोजणी गळावरच्या नोंदींतूनही होते. 20 सेंमी व त्याहून लांब बासपैकी 30 सेंमी गाठलेले 40 ते 70 टक्के असावेत. ब्लूगिलसाठी हीच मापे 8 व 15 सेंमी, आणि प्रमाण 20 ते 60 टक्के.

क्रॅपी हा तिकडचाच आणखी एक गळाचा मासा लहान तळ्यात सोडू नये. तो बासआधी वितो, त्याची पिल्ले बासच्या पिल्लांना गिळतात आणि दोन-तीन वर्षांत तळे खुरट्या क्रॅपींनी भरते. मग बहुधा सगळे मासे मारून तळे नव्याने भरावे लागते.