दशांश अपूर्णांकांचा भागाकार (शालेय अध्यापन)

भाज्य, भाजक किंवा दोन्ही दशांश अपूर्णांकात असताना भागाकार करण्याची रीत व ती शिकवण्याची पद्धती. महाराष्ट्र राज्य अभ्यासक्रमात हा घटक सहावीत, तर केंद्रीय मंडळाच्या शाळांत साधारणतः सातवीत येतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार हे वर्ग उच्च प्राथमिक गटात मोडतात. ठाणे व नवी मुंबईत मराठी, सेमी-इंग्रजी आणि केंद्रीय मंडळाच्या शाळा जवळजवळ असल्याने एकाच सोसायटीतली दोन मुले तो वेगवेगळ्या वर्षी शिकताना दिसतात.

उगम : दशांश अपूर्णांकांच्या शोधाचे श्रेय कोणाचे याविषयी मतभेद आहेत. दमास्कस येथील अल्-उक्लिदिसीने इ. स. ९५२ च्या सुमारास १९ ही संख्या पाच वेळा निम्मी केली व एककस्थानावर खूण करून आजच्या लेखनात ०.५९३७५ होईल असे उत्तर दिले. त्यावरून गणिताचे इतिहासकार ए. एस. सैदान यांनी श्रेय त्याला दिले. दुसरे इतिहासकार रोशदी राशेद मात्र गणिती अस्-समौअलच्या ११७२ मधील विवेचनाला पहिले सैद्धांतिक विवेचन मानतात. अल्-उक्लिदिसीच्या या उदाहरणात भाजक नेहमी २ हाच असल्याने, निदान भागाकारापुरते, राशेद यांचे म्हणणे अधिक पटते. समरकंदच्या अल्-काशीने १४२७ मध्ये विषयाची पद्धतशीर मांडणी केली.

यूरोपात फ्लेमिश गणिती सायमन स्टेव्हिनच्या १५८५ च्या पुस्तिकेने या अपूर्णांकांचा प्रसार झाला. त्याच्याकडे दशांश चिन्ह नाही. प्रत्येक अंकापाशी वर्तुळात स्थानाचा क्रमांक आहे. ३.४४३५२ ला ०.९६ ने भागताना तो पूर्णांकांप्रमाणे भागाकार करतो आणि शेवटच्या स्थानांच्या क्रमांकांची वजाबाकी (५ − २) करून उत्तर तिसऱ्या स्थानापर्यंत, म्हणजे ३.५८७, ठरवतो. बिंदूचा वापर क्लाव्हियसच्या १५९३ च्या कोष्टकापासून सांगितला जाई. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तो १४४० च्या दशकातील इटालियन खगोलज्ञ बियांकीनीपर्यंत मागे नेला आहे. स्थानमूल्य पद्धती भारतीय असली, तरी ‘लीलावती’त (सुमारे ११५०) अपूर्णांक अंश-छेद रूपातच आहेत, आणि भागाकारासाठी भाजकाचे अंश-छेद उलटवून गुणण्याचा नियम दिलेला आहे.

महाराष्ट्रात आणे-पैचे चलन असेतो मुले पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी अशी कोष्टके पाठ करीत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आल्यावर आणि १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे रुजल्यावर दशांश लेखन रोजच्या व्यवहारात आले.

रीत व अडचणी : भाजक पूर्णांक असेल तर नेहमीचाच भागाकार, दशांश चिन्ह भाज्यात आले की भागाकारात द्यायचे. भागाकार भाज्याच्या डोक्यावर लिहिल्यास चिन्ह आपोआप जागेवर येते. तो उजवीकडे लिहिण्याच्या जुन्या मांडणीत ते विसरले जाते, आणि घरी आजोबा एक मांडणी व क्लासमध्ये बाई दुसरी शिकवतात तेव्हा गोंधळ वाढतो. ६.१२ ÷ ६ चे उत्तर १.०२ ऐवजी १.२ येणे ही सर्रास आढळणारी चूक आहे.

भाजक अपूर्णांक असल्यास ‘दोघांचा पॉइंट सारखाच सरकवा’ असे सांगितले जाते. नियम बरोबर आहे, पण कारण न कळता पाठ होतो. माप लहान केले की कारण दिसते. तुर्भ्याच्या मसाला बाजारातून आणलेल्या ७.५ किलो हळदीची ०.२५ किलोची पाकिटे करायची, तर ७५०० ग्रॅम ÷ २५० ग्रॅम, म्हणजे ३० पाकिटे. येथे उत्तर भाज्याहून मोठे येते. ‘भागले की लहान होते’ ही समजूत किती चिवट असते हे फिशबाइन व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवले. तिचे मूळ वाटणीच्या उदाहरणांत आहे. ०.२५ माणसांत हळद वाटता येत नाही, म्हणून अशा उदाहरणांना ‘किती वेळा मावते’ हा अर्थच सोयीचा.

बाकी हा खरा कसोटीचा भाग, आणि बहुतेक वर्गांत तो टाळला जातो. हळद ७.७ किलो असेल तर ७७० ÷ २५ मध्ये भागाकार ३० व बाकी २० येते. ‘वीस किलो उरली’ असे उत्तर वहीत सापडते, मुळात आठ किलोही नसताना! दोन्ही संख्यांना १०० ने गुणल्याने भागाकार बदलत नाही, बाकी मात्र १०० पट होते. खरी बाकी ०.२ किलो. पुढे भागत राहिल्यास ३०.८ येते, पण पाकिटे ३०च.

शिष्यवृत्ती परीक्षेसारख्या बहुपर्यायी परीक्षांच्या तयारीत अंदाज अधिक कामाला येतो. ०.४८ ÷ ०.६ साठी ०.०८, ०.८, ८, ८० असे पर्याय असतील, तर भाजक भाज्याहून मोठा असल्याने ८ व ८० आधीच बाद होतात. ०.६ चा दहावा भाग ०.०६; तो ०.४८ पेक्षा बराच लहान असल्याने ०.०८ ही गळते.