रात्री दोनला फोन लावणारी फाइल

वरुडच्या आमच्या घरात रात्री दोनला मोडेम, म्हणजे फोनच्या तारेवरून संगणक इंटरनेटला जोडणारा डबा, आपोआप नंबर फिरवायचा. सुरुवातीला नागपूरला एसटीडीने जोडावं लागे आणि एसटीडीचा दर रात्री उतरे. दिवसा भारनियमन, पावसाळ्यात तारेत खरखर, त्यात लाइन कायम एंगेज. तासभर बसून पुन्हा पुन्हा नंबर लावायला घरात कोणाला वेळ होता?

रात्रीच फोन लावायची सोय युनिक्स या संगणकप्रणालीत फार जुनी आहे. बेल लॅब्जमध्ये माइक लेस्क यांनी १९७६ च्या सुमारास यूयूसीपी हा फोनवरून एका संगणकातून दुसऱ्यात फाइली नेणारा प्रोग्रॅम लिहिला आणि १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसोबत तो सगळीकडे पोचला. त्याच्या एल.सिस फाइलमध्ये समोरच्या संगणकाचं नाव असे आणि लगेच पुढे फोन कोणत्या वेळात लावायचा ते. फोन रात्रीच स्वस्त पडतो ही अडचण अमेरिकेतही तीच होती! त्याच ओळीत शेवटी 'हे ऐकू आलं की हे पाठव' अशा जोड्या असत: समोरून 'लॉगिन' आलं की नाव, 'पासवर्ड' आलं की परवलीचा शब्द. पुढच्या चॅट-स्क्रिप्ट यातूनच आल्या.

१९८१ मध्ये हेजचा स्मार्टमोडेम आला आणि नंबर फिरवणं मजकुराच्या आज्ञांवर आलं. टोनसाठी एटीडीटी, जुन्या एक्स्चेंजच्या पल्ससाठी एटीडीपी. आमच्या चॅट-स्क्रिप्टच्या फाइलीत आधी एटीडीटीच होतं. डायलटोन वाजतच राही, नंबर लागत नसे. शेवटचं एक अक्षर बदललं आणि लागला. एटीएम-शून्य लिहिलं की मोडेमचा किंचाळणारा स्पीकर गप्प बसे. बाजूच्या खोलीत आजी झोपलेली असे, म्हणून ती ओळ मी कधी काढली नाही.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सुरू केलं, तेही मोठ्या शहरांत. तोवर पीपीपी हा फोनवरून इंटरनेट जोडण्याचा प्रोटोकॉल ठरलेला होता आणि लिनक्स या युनिक्ससारख्या प्रणालीवर पीपीपीडी हा प्रोग्रॅम ते काम करत होता. त्यातले 'पर्सिस्ट' आणि 'होल्डऑफ' हे पर्याय आमच्यासारख्यांच्या फार कामाचे: जोडणी तुटली तर थोडं थांब, पुन्हा लाव. चॅटमध्ये 'बिझी' आणि 'नो कॅरियर' आलं की सोडून दे, एवढं सांगून ठेवायचं. गरज पडली की आपोआप फोन लावणारं 'डिमांड' मात्र जपून वापरावं लागे. एखाद्या प्रोग्रॅमने इंटरनेटवरचा पत्ता शोधायला माहितीचं एक पॅकेट सोडलं तरी फोन लागे आणि बिल चढे. त्यावर 'आयडल' हा उपाय: इतके सेकंद काही हललं नाही की लाइन बंद.

नंतर डब्ल्यूव्हीडायल हे फोन जोडून देणारं सॉफ्टवेअर आलं. नंबर, नाव, पासवर्ड दिलं की समोरचा काय विचारतोय ते स्वतःच ओळखे. सोपं होतं, पण स्वस्तातले विनमोडेम (आपलं बरंचसं काम विंडोजच्या सॉफ्टवेअरवर सोडणारे) लिनक्सवर बहुधा चालतच नसत, म्हणून आम्ही सिरियल पोर्टला जोडायचा बाहेरचा मोडेम जपून ठेवला होता. ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणाऱ्या क्रॉनची एक ओळ रात्री दोनला पीपीपीडी उठवी. जोडणी झाली की आयपी-अप फाइल आपोआप चाले, फेचमेल ईमेल आणी आणि डब्ल्यूगेट अर्धवट राहिलेली फाइल तुटल्या जागेपासून पुढे ओढू लागे.