ट्रकचा चालक आस : ओळख व गुणोत्तराची निवड

चालक आसातील क्राऊन (मोठे दातेरी चक्र) च्या दातांना पिनियन (त्याला फिरवणारे लहान चक्र) च्या दातांनी भागले की आसाचे गुणोत्तर मिळते. ४१ दाती क्राऊन आणि ६ दाती पिनियन असेल तर ते ६.८३ येते, चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सपासून आसापर्यंत येणाऱ्या दांड्याचे, ६.८३ फेरे होतात. मूळ मापापेक्षा मोठे टायर चढवले की तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त अंतर कापते, चढावर इंजिन दबते आणि क्लच झिजतो. गुणोत्तर बदलण्याचा प्रश्न येतो तो इथे.

वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या डिफरन्शियलचा उगम वादग्रस्त आहे. चीनमधील दक्षिणदर्शी रथात (ज्यावरची आकृती सतत दक्षिण दाखवी), बहुधा इ. स. तिसऱ्या शतकात, अशी रचना असावी असे मत ब्रिटिश अभियंता जॉर्ज लँचेस्टर यांनी १९४७ मध्ये मांडले. मात्र मूळ रथ एकही उरलेला नाही. डिफरन्शियल आहे ते आधुनिक प्रतिकृतींत. ग्रीसजवळ सापडलेल्या अँटिकिथेरा या प्राचीन दातेरी यंत्रात विज्ञानेतिहासकार डेरेक प्राइस यांनी १९७४ मध्ये डिफरन्शियल दाखवले होते, पण पुढच्या तपासण्यांत ते टिकले नाही. वाहनांपुरते पाहता ओनेसिफोर पेकर या फ्रेंच कारागिराचे १८२७–२८ च्या सुमाराचे पेटंट हाच भरवशाचा आधार ठरतो. सर्पिल दातांचे क्राऊन-पिनियन मोटारींत १९१३ च्या सुमारास आले. ज्यात पिनियन क्राऊनच्या मध्याखाली बसते ती हायपॉइड जोडी १९२० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धातली.

मुंबईत अमेरिकी घडणीचे आस स्वातंत्र्याच्या सुमारास रुळले. माझगावला १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीप जुळवल्या जाऊ लागल्या; कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज व फार्गो ट्रक निघत. कुर्ल्यातल्या सीएसटी रोडवरच्या जुन्या मालात आजही आस सुटे मिळतात, त्यामुळे गाडी कोणती होती यावरून आतले गुणोत्तर सांगणे धोक्याचे.

ओळख बाहेरून सुरू करावी. बँजो पद्धतीच्या हाउसिंगमध्ये (आसाच्या बाहेरच्या कवचात) डिफरन्शियलचा पूर्ण गोळा पुढच्या बाजूने, पिनियनसकट बाहेर येतो. भारतीय मालट्रकांत हीच पद्धत रूढ आहे. सॉल्सबरी पद्धतीत मागचे झाकण उघडून काम करतात. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, तोंडावर बोल्टांचे कडे आणि चाक फिरवणाऱ्या शाफ्टची चकती दिसली तर आस फुल-फ्लोटिंग: गाडीचा भार हाउसिंग पेलते आणि चाक न काढता शाफ्ट ओढून घेता येतो. हबवर असे कडे नसेल तर तो बहुधा सेमी-फ्लोटिंग, म्हणजे भार शाफ्टवरही येतो. त्यात शाफ्ट तुटला तर चाकही निघून जाऊ शकते. झाकणाचे बोल्ट मोजून आस ओळखण्याची अमेरिकी पिकअपवाल्यांची सवय अपुरी आहे. डाना ४४ आणि डाना ६० या दोन्ही अमेरिकी आसांना दहाच बोल्ट असतात, क्राऊनचा व्यास मात्र अनुक्रमे सुमारे २१६ व २४८ मिमी. बोल्टाखालचा, गुणोत्तर लिहिलेला पत्र्याचा टॅग रंगकामात हरवतो किंवा दुसऱ्याच जोडीचा निघतो.

गुणोत्तर फिरवून मोजणे अधिक विश्वसनीय. गिअर न्यूट्रल, पुढच्या चाकांना ओट (पाचर), मागचे एक चाक जमिनीवर आणि दुसरे जॅकवर उचललेले. एअर ब्रेकच्या गाडीत हवा भरून मागचे ब्रेक सोडावे लागतात, नाहीतर चाक हलणारच नाही. उचललेले चाक २० फेरे फिरवले की क्राऊनचे १० फेरे होतात. प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजावे आणि १० ने भागावे. ३७/६ च्या जोडीत शाफ्ट ६१.७ फेरे घेईल, ४१/६ च्या जोडीत ६८.३. हबमध्येच रिडक्शन (फेरे कमी करणारी आणखी एक गिअरजोडी) असलेल्या आसात ही संख्या दोन्ही टप्प्यांचा गुणाकार असते. ४.१० आणि ४.११ यांतला फरक मात्र असा कळत नाही. त्यासाठी गोळा उतरवून दात मोजावे.

नवे गुणोत्तर = जुने गुणोत्तर × नव्या टायरचा व्यास ÷ जुन्या टायरचा व्यास. व्यास टायरवरच्या आकड्यावरून घेऊ नये. भरलेल्या गाडीचे चाक जमिनीवर एक फेरा चालवून अंतर मोजावे आणि ३.१४ ने भागावे. रिमोल्ड (नवा थर चढवलेल्या जुन्या) टायरला तर हे हवेच. ९.००-२० मापाच्या टायरचा व्यास सुमारे १०१८ मिमी, १०.००-२० चा १०५२. फरक जेमतेम ३.३ टक्के, म्हणजे ३७/६ च्या जोडीच्या ६.१७ चे ६.३७ हवे. पण दात पूर्णांकात असल्याने गुणोत्तरे पायऱ्यांनी मिळतात. ६.१७ वरून ६.८३ वर गेल्यास तब्बल १०.८ टक्क्यांची उडी होते. थेट टॉप गिअरमध्ये ताशी ६० किमीला पूर्वी मिनिटाला सुमारे १९३० फेरे घेणारे इंजिन नव्या टायरवरही सुमारे २०७० घेईल. बोरघाटात भरून चढणाऱ्या गाडीला ते मानवेल, सपाट महामार्गावर डिझेल खाईल. एवढ्याशा फरकासाठी जोडी न बदलणेच शहाणपणाचे. उलट २८ इंची टायरच्या युद्धकालीन जीपला ३१ इंची टायर दिले तर ४.८८ चे ५.४० हवे होते, आणि विलीजच्या नागरी जीपच्या सीजे मालिकेतील ५.३८ ची म्हणजे ४३/८ ची जोडी जवळपास तेच देते. चारचाकी चालनाच्या गाडीत पुढचे व मागचे गुणोत्तर एकत्र बदलावे, अन्यथा कोरड्या डांबरावर ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या आसांना शक्ती वाटणाऱ्या पेटीत) पीळ साचतो.

चाकाचे वाढलेले वजन धरून एक पायरी अधिक चढावी, असे काही जाणकार सांगतात. घाटातल्या जड वाहतुकीपुरते ते पटते. गुणोत्तर वाढते तसे पिनियन बारीक होते आणि दातांवरचा ताण वाढतो, हे मात्र लक्षात ठेवावे.

क्राऊन-पिनियन कारखान्यात जोडीने लॅप केलेले, म्हणजे एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. दोन जोड्यांतले भाग एकत्र बसवले तर गाडी वेग धरताच रडते. पिनियनची खोली शिमने (पातळ चकत्यांनी) साधल्यावर बॅकलॅश (दातांमधली ढील) आणि बेअरिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला दाब) आसाच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवतात. मग दातांना निशाणीचा रंग लावून ठसा पाहतात: तो दाताच्या माथ्यावर पडला तर पिनियन बाहेर आहे, मुळाशी पडला तर फार आत. हायपॉइडला जीएल-५ दर्जाचे गिअर तेल लागते.

मोठ्या टायरवर स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो. शाफ्टचे फेरे मोजणारा ८० किमीचा स्पीड गव्हर्नरही (वेगमर्यादा राखणारे उपकरण) तितकाच फसतो, म्हणून जोडी बदलली तरी त्याचे कॅलिब्रेशन तपासून घ्यावे. नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरफार मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ खाली येतो.