१/४८ सेकंद आणि खानदेशचं ऊन

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे दुपारी शेतात उभं राहा. नांगरून ठेवलेली काळी जमीन आणि बांधावर पांढऱ्या धोतरातला माणूस, दोन्ही एकाच फ्रेममध्ये नीट उतरवायचे आहेत. फिल्मवर चित्रीकरण शिकायला यापेक्षा कडक शाळा मला तरी माहीत नाही.

मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत. हँडलच्या एका फेऱ्यात 8 फ्रेम, सेकंदाला साधारण दोन फेरे, म्हणजे 16 फ्रेम. दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेराही हातानेच फिरवायचा होता. हात मंदावला की प्रत्येक फ्रेमला उजेड जास्त मिळे. कातरवेळी त्याचा फायदा घेता येई, फक्त पडद्यावर माणसं धावत सुटल्यासारखी दिसत. शिवाय त्या वेळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लाल पागोटं काळं उतरे, निळं आभाळ पांढरंफटक. 1920 च्या दशकात सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळली, तेव्हा पिवळा फिल्टर लावून आभाळाला त्याची छटा परत देता आली.

बोलपटाने हाताची ही मोकळीक काढून घेतली. आवाज वेडावाकडा होऊ नये म्हणून वेग 24 फ्रेमवर कायम झाला. शटरची फिरती तबकडी अर्धी उघडी, म्हणजे 180 अंश. त्यामुळे प्रत्येक फ्रेमला मिळतो 1/48 सेकंद. चाळीसगावच्या केकी मूस यांनी टेबलावर देखावे रचून छायाचित्रं घडवली. तसल्या स्थिरचित्रात शटर हवा तितका वेळ उघडा ठेवता येतो. सिनेमात तो वेळ आधीच ठरलेला. शटरचा कोन कमी करून उजेड तोडता येतो, पण हालचाल तुटक दिसू लागते.

म्हणून सगळा भार अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान), फिल्मची गती (ती उजेड किती पटकन टिपते त्याचा आकडा) आणि फिल्टरवर येतो. भर उन्हाचा जुना नियम असा: एफ/16 आणि शटर एक भागिले फिल्मची गती इतके सेकंद. 50 गतीची डेलाइट (दिवसाच्या उजेडासाठीची) फिल्म घेतली तर 1/48 सेकंदाला एफ/16 जवळपास तंतोतंत बसतो. 250 गतीची घेतली की एफ/36 च्या आसपास जावं लागेल आणि बहुतेक लेन्स तिथवर जातच नाहीत. तिथे 0.9 चा एनडी (रंग न बदलता उजेड अडवणारा) फिल्टर लावून तीन स्टॉप उजेड कमी करतात; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा.

1932 च्या सुमारास उजेड मोजणारे सेलेनियमचे वेस्टन मीटर आले आणि अंदाजाला आकडा मिळाला. मीटर मात्र समोरचं सगळं करडंच धरून चालतो. काळ्या जमिनीवर रोखला तर अ‍ॅपर्चर उघडायला सांगेल आणि धोतर नुसतं पांढरंफटक उतरेल. धोतरावर रोखला तर पागोट्याखालचा चेहरा बुडेल. त्यापेक्षा पांढऱ्या घुमटाचा मीटर माणसाच्या तोंडापाशी धरून त्याच्यावर पडणारा उजेडच मोजावा. शंका असेल तर निगेटिव्हला थोडा जास्त उजेड द्यावा. उजळ भागात ती बरंच सांभाळून घेते, सावलीत न उतरलेलं मात्र नंतर कुठूनही आणता येत नाही.

कोरी फिल्म 13 अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड जागी ठेवायची असते. 45 अंशांच्या गावात गाडीच्या डिकीत ठेवलेला डबा म्हणजे धुरकट निगेटिव्ह. आणि पावसाळ्यात फ्रीजमधून काढलेला डबा लगेच उघडू नये. बाहेरच्या हवेइतका होईपर्यंत तो बंदच राहू द्यावा, नाहीतर फिल्मवर दव धरतं.